दुसरा चहा

आमच्या ऑफिसात मराठी माणसं दोनच, ते आणि मी. त्यामुळे आमची खरी नावं कोणी कधी घेतलीच नाहीत. ते बडे मराठे आणि मी छोटे मराठे. आडनाव दोघांपैकी एकाचंही मराठे नव्हतं, पण दिल्लीत त्यावाचून कोणाचं अडत नाही. बदलून आलेला एखादा नवा माणूस आम्हाला सख्खे भाऊ समजायचा. बडे मराठे त्याचा गैरसमज दूर करत नसत. उलट गंभीर चेहऱ्याने सांगत, "छोटा जरा शरारती है. आप बुरा मत मानिएगा."

ते सेक्शन ऑफिसर होते, मी त्यांच्या हाताखाली. मी त्यांना साहेब म्हणायचो. ते मला छोटेच म्हणायचे, मी रिटायर झालो तरी.

गेल्या महिन्यात ते गेले. आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली आणि तिथे मी त्यांचा शिमल्याचा किस्सा सांगितला. मंडळातल्या जुन्या लोकांना तो पाठ आहे. इतकी वर्षं मीच तो सांगत आलो आहे. तो किस्सा खरा नाही. कुठे खरा नाही ते आता सांगतो, पण आधी माणूस सांगायला हवा.

बडे मराठे साताऱ्याचे. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर लहानपण गेलेलं. दिल्लीवर त्यांचा राग एकाच गोष्टीसाठी होता. "फार सपाट आहे हो, छोटे. सपाट गावात माणूस कुठे पोचतच नाही. नुसता पुढे जातो." म्हणून त्यांनी दिल्लीत स्वतःचे घाट तयार केले होते. ऑफिसचा जिना म्हणजे त्यांचा पसरणी. रेल्वेवरून जाणारा पूल म्हणजे खंबाटकी. बस पुलावर चढू लागली की ते खिडकीकडे सरकून बसत आणि कंडक्टरला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत, "आता वारा लागेल."

त्यांच्या बुटांच्या लेस हा तर ऑफिसचा आणि आमच्या सरकारी वसाहतीचा, लक्ष्मीबाई नगरचा, सामाईक विनोद होता. एवढा सेक्शन ऑफिसर, फायलीवरच्या नोटिंगमध्ये एक चूक सापडायची नाही, पण बुटाची लेस कधी धड बांधलेली राहायची नाही. आम्ही समोरासमोरच्या ब्लॉकमध्ये राहायचो. ते पहिल्या मजल्यावर, आम्ही तळाला. संध्याकाळी भाजी घेऊन ते आणि वहिनी परत आले की आमच्या खिडकीतून दिसायचं. जिन्याच्या मधल्या वळणावर साहेब खाली बसून लेस बांधताहेत आणि वहिनी कठड्याला हात टेकून उभ्या आहेत. माझी बायको म्हणायची, "सुटली बघा लेस, गाडी पंक्चर झाली." शेजारचे शर्माजी ओरडायचे, "बडे मराठे, फेविकॉल लगा लो!" साहेब मान वर न करता म्हणायचे, "लगाया था, शर्माजी. फेविकॉल भी सरकारी निकला."

आणखी दोन गोष्टी. त्या मला तेव्हा निव्वळ चक्रमपणा वाटायच्या. एक, ते कुठेही फिरायला गेले तरी टॅक्सी करून पॉइंट बघायचे नाहीत. सनसेट पॉइंट, सुसाइड पॉइंट, एको पॉइंट. "पॉइंट बघायला मी काय भूमितीचा मास्तर आहे?" असं म्हणून ते सगळं शहर पायी फिरायचे, आणि वहिनींनाही फिरवायचे. दुसरी म्हणजे त्यांचा नियम. चढावर बोलायचं नाही, उतारावर गप्प बसायचं नाही. चढ सुरू झाला की ते ओठांवर बोट ठेवत. त्यानंतर कोणी काही विचारलं तर फक्त मान हलवत. कारण विचारलं तर चढ संपल्यावर सांगत, "डोंगराचा मान असतो."

आता शिमला.

दिवाळीनंतरच्या सुट्टीत आम्ही दोन जोडपी गेलो होतो. त्यांची मुलगी लहान होती, ती साताऱ्याला आत्याकडे. आम्हाला अजून मूल नव्हतं. सरकारी हॉलिडे होम खालच्या रस्त्यावर मिळालं होतं आणि आम्हाला वाटलं होतं की सकाळी टॅक्सी येईल. टॅक्सी नव्हती. साहेब डोक्याला माकडटोपी घालून दारात उभे. "चला, आज शहर बघायचं. शहर. पॉइंट नव्हे. घाई कोणाला आहे?"

घाई कोणालाच नव्हती. तसा दिवस मला पुन्हा मिळाला नाही. आम्ही पायऱ्यापायऱ्यांनी चढून 'खालचा बाजार' म्हणतात तिथे आलो. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून गॅसचं सिलिंडर पाठीवर घेतलेला माणूस आला तर दुकानात शिरून वाट द्यायची, आणि शिरलोच आहोत तर थोडं काही बघायचं. एका दुकानात असं वाट देताना माझ्या बायकोने लोकर घेतली. एका ठिकाणी छोले-पुरी खाल्ली. साहेबांनी हलवायाला विचारलं, "भैया, ये गली ऊपर कहाँ जाती है?" तो म्हणाला, "जाती कहीं नहीं साहब, यहीं रहती है. लोग जाते हैं." साहेब इतके खूश झाले की त्यांनी आणखी एक पुरी मागवली.

वर मोकळ्या जागेत आलो तेव्हा ऊन पडलं होतं. बाकांवर बायका स्वेटर विणत बसल्या होत्या. वहिनी त्यांच्यात जाऊन बसल्या, टाक्यांबद्दल काहीतरी विचारलं, आणि बराच वेळ तिथेच राहिल्या. आम्ही कठड्याशी उभे राहून खाली बघत होतो. एका घराचं लाल पत्र्याचं छप्पर दुसऱ्या घराच्या अंगणाला लागलेलं, त्यावर वाळत घातलेले मके, त्याच्याही खाली एक माणूस आरशात बघून दाढी करतोय. साहेब म्हणाले, "दिल्लीत माणसांची तोंडं दिसतात. इथे डोकी दिसतात. डोकी बरी. खोटं बोलत नाहीत."

मग कोणीतरी म्हणालं जाखूच्या टेकडीवर जाऊ या. बहुतेक वहिनीच म्हणाल्या. देवदारांतून वर जाणारा रस्ता, चांगलाच उभा. साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं.

इथून पुढे मी सांगायचो तो किस्सा असा. बडे मराठे नियमाप्रमाणे गप्प चढत राहिले. माथ्याजवळच्या टपरीपाशी पोचले, चहा मागवला, पहिला चहा प्यायले. "वा," म्हणाले. दुसरा चहा मागवला. तो अर्धा झाल्यावर त्यांना आठवलं, "अरेच्चा! माझ्याबरोबर कोणीतरी होतं ना?" मग धावत खाली. वहिनी अर्ध्या वाटेत कठड्यावर बसलेल्या. पण चढ अजून संपलेला नाही, म्हणून हा माणूस बायकोची माफीसुद्धा मागेना! नुसते हातवारे! इथे मी हातवारे करून दाखवायचो. हॉल डोक्यावर घेतला जायचा. "छोटे, शिमला होऊन जाऊ दे," असं गणपतीत दर वर्षी कोणीतरी म्हणायचंच. साहेब तिसऱ्या रांगेत वहिनींच्या शेजारी बसलेले असायचे आणि सगळ्यांत मोठ्याने हसायचे.

झालं होतं ते वेगळंच.

माझी बायको तरुण, पायाने हलकी. ती वळणापलीकडे निघून गेली होती. मी फोटो काढण्यासाठी मागे रेंगाळलो होतो. देवदारांच्या मधून बघितलं तर साहेब एका दगडाशी वाकले होते. त्यांच्या बुटाची लेस पक्की बांधलेली होती. त्यांनी तिचं टोक धरलं आणि ओढून ती सोडली. मग सावकाश, अगदी सावकाश, जणू पहिल्यांदाच शिकताहेत अशी, ती बांधायला लागले. मागे वहिनी उभ्या होत्या. तोंड उघडं, ओठ निळसर, एक हात झाडावर. साहेबांनी गाठ मारली, मान तिरकी करून वहिनींकडे पाहिलं, आणि दुसऱ्या बुटाची लेस सोडली.

मी कॅमेरा खाली घेतला.

पुढच्या वळणावर त्या कठड्यावर बसल्याच. मी एक वळण खाली होतो. डोंगरात वरचं बोलणं खाली स्वच्छ ऐकू येतं. चढावर साहेबांना बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"तुम्ही व्हा पुढे," वहिनी म्हणाल्या.

"काही होत नाही पुढे."

"अहो, भाऊजींच्या मिसेस वर पोचल्या असतील. शोधत खाली आल्या म्हणजे? तुम्ही जा, चहा सांगा, आणि मला विसरा."

"विसरू?"

"तुम्हाला सगळे विसराळूच समजतात. जमेल."

साहेब हसले. नाकातून आल्यासारखं, थोडंसं. मग गेले.

मी वर आलो तेव्हा वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "ऐकलंत ना सगळं, भाऊजी?"

मी मान हलवली. त्यांच्या शेजारी बसलो. दोन शब्द झाले की त्या थांबायच्या. हृदयाची एक झडप लहानपणापासून नीट मिटत नव्हती. डॉक्टर जपा म्हणत होते. साहेबांखेरीज कोणाला माहीत नव्हतं.

"कळलं ना, की मला खुर्चीत बसवतील," त्या म्हणाल्या. "सगळं लक्ष्मीबाई नगर येऊन विचारेल, आज कसं वाटतंय. मला चालायचंय, भाऊजी. हळू का होईना. लोकांबरोबर चालताना बोलता येत नाही म्हणून ह्यांनी तो नियम काढलाय, म्हणजे कोणीच बोलायचं नाही. तुम्ही काही पाहिलं नाहीत. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो.

तेवढ्यात वरून पावलं आली. साहेब जवळजवळ पळत उतरत होते. हातात काचेचा ग्लास, त्यावर तळवा झाकलेला, बोटांवर चहा सांडलेला. मागे माझी बायको पोट धरून हसत होती. "अहो, ऐका! साहेब वर चहा सांगून बसले आणि मग म्हणतात, अरेच्चा, माझ्याबरोबर कोणीतरी होतं ना!" तिच्याही मागून टपरीवाल्याचा आवाज, "बाबूजी, गिलास तो वापस लाओगे ना?"

साहेबांनी ग्लास वहिनींच्या हातात दिला. चहा गार झाला होता. त्या अर्धा प्यायल्या. उरलेला त्यांनी साहेबांना दिला, आणि तेव्हा साहेबांनी टपरीवरच्या त्या चहाचा पहिला घोट घेतला.

"परत फिरायचं?" त्यांनी डोळ्यांनीच विचारलं.

"वर जायचं," वहिनी म्हणाल्या.

मग आम्ही चौघं वर गेलो. लेस किती वेळा सुटली ते सांगत नाही. माथ्यावर वहिनी देवदाराला टेकून उभ्या राहिल्या. खाली सगळं शहर उन्हात पसरलं होतं, आणि पलीकडे बर्फाची एक पांढरी रेघ. साहेब मोठ्याने म्हणाले, "पोचलो."

आणि मग उतार. आता वहिनींना दम लागत नव्हता आणि त्या बोलत सुटल्या. लक्कड बाजारात शिरलो तेव्हा दोघांमध्ये वाद चालला होता तो साताऱ्याच्या कंदी पेढ्यांवरून. पुढे कुठल्यातरी शाळेच्या पायऱ्यांवर आम्ही नुसतेच बसलो. माझ्या बायकोने गाणं म्हटलं. साहेबांनी लाकडी काठी विकत घेतली आणि त्या काठीने ते दूरदूरच्या छपरांकडे निर्देश करून ती कोणाची असतील ते सांगू लागले. हा पोस्टमास्तर, ही विधवा बाई, हिला सून छळते, हा बघा नवीन लग्न झालेला, दोनच कप वाळत घातलेत. वहिनी म्हणाल्या, "तुमच्या घराचं छप्पर बघून कोणी काय सांगेल?" साहेब म्हणाले, "सांगेल, इथे एक बाई राहते, ती नवऱ्याला विसरायला लावते." माझी बायको पुन्हा हसली. तिला त्यातलं फार थोडं कळलं होतं. मला सगळं कळलं होतं, आणि मला वाटत होतं की हा उतार संपू नये.

त्या वर्षी मंडळात एका बाईंनी वहिनींना सगळ्यांसमोर विचारलं, "शिमल्याचे चढ झेपले का गं तुला? तुझा चेहरा असा का दिसतो?" वहिनी गोंधळल्या. मी मध्ये पडलो. "त्यांचं काय विचारता, साहेबांचं विचारा!" म्हणून जे सुचलं ते सांगून टाकलं. लोक हसले, त्या बाई विसरल्या. बाहेर आल्यावर साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "बरं सावरलंत, छोटे." तेव्हा किस्सा एवढाच होता की ते विसरले आणि आठवल्यावर परत आले.

पुढच्या वेळी मी हातवारे घातले. त्याच्या पुढच्या वेळी पहिला चहा त्यांना प्यायला लावला. मग दुसरा चहा घातला, आणि तो अर्धा झाल्यावर थोडं थांबायला लागलो. लोक त्या थांबण्यावर हसायचे. मलाही त्याची चटक लागली होती, हे कबूल करायला हवं.

वहिनी त्यानंतर पुष्कळ वर्षं चालल्या. नैनिताल, अल्मोडा, राणीखेत. सगळं पायी, सगळं हळू. काही म्हणतील, साहेबांनी त्यांना चालू द्यायला नको होतं. म्हणोत. त्यांची मुलगी कॉलेजात असताना एका हिवाळ्यात त्या गेल्या. तेव्हा आजार सगळ्यांना कळला. तेराव्याला साहेब खाली आले ते बिनलेसचे बूट घालून. नुसते पायात सरकवायचे. शर्माजी म्हणाले, "चलो, ये अच्छा किया."  त्या घोळक्यात ते बूट बघून खाली मान घालणारा मी एकटाच होतो.

पुढच्या गणपतीत मंडळात पुन्हा फर्माईश आली. कार्यक्रमाआधी साहेब चपलांच्या ढिगाशी माझ्याजवळ आले. आता आजार लपवायचं कारण उरलं नव्हतं. मला वाटलं, ते म्हणतील, आता खरं सांगा. ते म्हणाले, "छोटे, तो दुसरा चहा काढता आला तर बघा. पहिला राहू दे. चालेल."

एवढंच मागितलं त्यांनी.

मी व्यासपीठावर गेलो. पहिला चहा झाला. पुढे हॉल वाट बघत होता. सगळ्यांना माहीत होतं आता काय येणार. मी दुसरा चहा मागवला.

त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. तिसऱ्या रांगेत बसत राहिले, हसत राहिले. लक्ष्मीबाई नगरचे ते क्वार्टर पाडले, तिथे टॉवर आले. मी नोएडाला मुलाकडे आलो, चौदाव्या मजल्यावर लिफ्टने जातो. ते गाझियाबादला मुलीकडे गेले. फोनवर विचारायचे, "काय छोटे, घाट कुठला चढलात?" मी म्हणायचो, "लिफ्टचा." ते म्हणायचे, "म्हणजे बोलत बोलत गेला असाल."

शोकसभेतही मी दुसरा चहा मागवला. सवयीने तोंडातून गेलं. लोक रडता रडता हसले. त्यांची मुलगीही हसली, पुढच्या रांगेत, डोळे पुसत.

सभा संपल्यावर आम्ही दोघं मेट्रोकडे चालत निघालो. यमुना बँक स्टेशनपर्यंत आमची वाट एकच. तिथून ती गाझियाबादकडे, मी नोएडाकडे. तीही आता पन्नाशीला आली आहे. चालता चालता ती म्हणाली, "काका, एक विचारू? बाबांनी आईला खरंच तसं सोडलं होतं?"

मी तिच्याकडे पाहिलं.

"म्हणजे, यार, गंमत आहे, मला कळतं. पण आईचं हार्टचं कळल्यावर मला त्या गोष्टीचा फार राग यायला लागला. तिला चढवत नव्हतं आणि हे वर बसून चहा पीत होते? एकदा मी बाबांना विचारलं पण. ते म्हणाले, छोटे सांगतात ते खरं."

स्टेशनचा सरकता जिना बंद होता. पायऱ्या चढायच्या होत्या. मी चढायला लागलो, आणि अर्ध्या पायऱ्यांवर श्वास सापडेना. मी कठडा धरला. मी थांबलो आहे हे तिला कळू नये असं मला वाटत होतं. बघितलं तर ती माझ्या दोन पायऱ्या वर थांबली होती, माझ्याकडे पाठ करून, आणि पर्समध्ये काहीतरी शोधत होती. एक कप्पा उघडला, बंद केला. दुसरा उघडला.

"काय शोधतेस, बेटा?"

"मेट्रो कार्ड, काका. कुठे ठेवलंय कोण जाणे. तुम्ही या सावकाश."

कार्ड तिच्या डाव्या हातात होतं.

मी त्या पायरीवर बसलो. माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी वर जात होती. ती घाबरून खाली आली. "काका, बरं वाटत नाहीये का? पाणी देऊ?"

"बस," मी म्हणालो. "हे तू कोणाकडून शिकलीस?"

"काय?"

"हे थांबणं."

तिला कळलं नाही. ती शेजारी बसली. मी तिला जाखूचा रस्ता सांगितला, लेस सांगितल्या, तळव्याने झाकलेला ग्लास सांगितला. सांगताना मध्ये मध्ये मला थांबावं लागलं. ती हातातलं कार्ड बघत राहिली.

शेवटी मी म्हणालो, "दुसरा चहा नव्हताच, बेटा. पहिलाही ते एकट्याने प्यायले नाहीत."